मोडक्या मोटारीचा भाव

नवी मोटार विकत घ्यावयास पैसा लागतो. मोडकी मोटार विकत घ्यावयास पैशापेक्षां कल्पनाशक्ति अधिक लागते. नव्या मोटारीची किंमत विकणारानें ठरविलेली असते. ती छापील कागदावर वाचून फार तर एक सुस्कारा टाकावा. यापलीकडे गिऱ्हाइकाच्या बुद्धीला तेथें कांहीं काम नसतें. परंतु विमा-कंपनीनें लिलावांत काढलेल्या, तोंड फुटलेल्या किंवा पुराच्या पाण्यांत बुडून निघालेल्या मोटारीपुढें जो मनुष्य उभा राहतो, त्याला एकाच वेळीं दोन मोटारी पाहाव्या लागतात. एक समोर उभी असलेली, आणि दुसरी दुरुस्त होऊन रस्त्यावर धांवूं लागलेली. या दोन मोटारींमधलें अंतर रुपयांत मोजणें, यालाच दुरुस्तीचा अंदाज म्हणतात. हें अंतर कागदावर नेहमीं थोडें असतें, आणि गॅरेजांत गेल्यावर तें वाढूं लागतें.

या शास्त्राशीं माझा परिचय अगदीं उतारवयांत झाला. माझा सारा जन्म बँकेंत गेला, आणि दुसऱ्यांनीं केलेले अंदाज तपासणें हेंच तेथें माझें काम होतें. विहिरींचे अंदाज, पिठाच्या गिरण्यांचे अंदाज, कोंबड्यांच्या खुराड्यांचे अंदाज! आशेनें लिहिलेला अंदाज मला दुरून ओळखतां येतो. त्यांत उत्पन्नाच्या ओळी पुष्कळ असतात, आणि 'इतर खर्च' मात्र शेवटच्या एका ओळींत उरकलेला असतो. माणसाच्या आयुष्यांतील बहुतेक सगळा खर्च त्या एका ओळींतच होतो, हें कर्ज मागणाराला कधीं पटत नाहीं, आणि कर्ज फेडणाराला तें पटवून द्यावें लागत नाहीं.

माझ्या थोरल्या बंधूंचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यापासून आठवड्यांतून दोनदां त्यांना रक्तशुद्धीसाठीं गांवाहून पुण्यास आणावें लागतें. जातांना ते कसेबसे बसून जातात. येतांना त्यांना आडवें व्हावेंसें वाटतें. भाड्याच्या मोटारीची वाट पाहत रुग्णालयाच्या पायरीवर बसणें हें त्यांच्या दुखण्यांतील सर्वांत मोठें दुखणें होऊन बसलें होतें. त्यांच्या मुलापाशीं, म्हणजे माझ्या पुतण्यापाशीं, सांठविलेले पांच लाख रुपये होते. तेवढ्यांत जुनी, साधी मोटार आली असती. पण कोणी तरी त्याच्या कानांत सांगितलें कीं, लिलावांतली मोडकी मोटार घेऊन दुरुस्त केली, तर त्याच पैशांत कितीतरी नवी व ऐसपैस गाडी मिळते. "काका, मोटार मेस्त्री बघतील, तुम्ही फक्त आंकडे बघा," असें म्हणून तो मला घेऊन गेला. आंकडे पाहावयास बोलावलें कीं मला नाहीं म्हणवत नाहीं.

तेव्हां पहिला प्रश्न मला पडला तो असा, कीं मोटार मरते म्हणजे काय होतें? आपल्याकडील मोटार-विम्यांत वाहनाची एक घोषित किंमत धरलेली असते. कारखान्याच्या विक्रीच्या किंमतींतून वयोमानाप्रमाणें घट वजा करून ती काढतात. पहिल्या सहा महिन्यांस पांच टक्के, वर्ष होईपर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षीं वीस, आणि तेथून पुढें दरसाल दहा दहा वाढत पांचव्या वर्षीं पन्नास टक्के, असें हें कोष्टक आहे. अपघातानंतर मोटार उचलून आणण्याचा व दुरुस्त करण्याचा एकूण खर्च या किंमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक भरला, कीं विम्याच्या भाषेंत ती 'संपूर्ण नुकसान' ठरते. म्हणजे मोटार रस्त्यावर मरत नाहीं. ती कागदावर मरते. शंभरांत चौऱ्याहत्तर जखमा झालेली मोटार जिवंत, आणि शहात्तर झालेली मृत! यमाच्या दरबारांत इतका चोख हिशेब होत असेल, असें मला वाटत नाहीं.

या नियमांत लिलावांत उतरणाराने ध्यानांत घेण्यासारखी एक गोष्ट दडलेली आहे. आपल्या आधीं एका जाणत्या मनुष्यानें या मोटारीचा अंदाज करून ठेवलेला असतो, आणि ही दुरुस्ती परवडत नाहीं असें त्यानें म्हटलेलें असतें. शिवाय पंचाहत्तरची रेघ ओलांडली, कीं पुढें मोजीत बसण्याचें त्याला फारसें कारण उरत नाहीं. मग त्याला जें परवडलें नाहीं, तें आपल्याला कां परवडावें? याला तीनच उत्तरें आहेत. तो कंपनीच्या गॅरेजची मजुरी धरतो, आपण ओळखीच्या मेस्त्रीची धरतों. तो सगळे भाग नवे धरतो, आपण कांहीं भाग जुन्या बाजारांतून आणतों. आणि तिसरें उत्तर असें, कीं तो जें करणें अवश्य समजतो, त्यांतलें कांहीं आपण करीतच नाहीं. पहिल्या दोन उत्तरांत काटकसर आहे. तिसऱ्यांत आपण आपल्यालाच फसवीत असतों. अंदाजाचा कागद हातीं आला, कीं कमी झालेला प्रत्येक रुपया या तिहींपैकीं कोणत्या वाटेनें कमी झाला, हें विचारावें. बँकेंत मीं याहून अधिक कांहीं विचारीत नसें.

शहराबाहेरच्या एका मोकळ्या मैदानांत त्या मोटारी उभ्या होत्या. लिलावाची अट नेहमींचीच : माल जसा आहे, जेथें आहे, तसा घ्यावयाचा, नंतर तक्रार चालणार नाहीं. मोटार पाहण्यास परवानगी होती. खोलून पाहण्यास नव्हती. वधूपरीक्षेची जुनी पद्धतच ही. पुतण्यानें मोबाईलवर छायाचित्रें पाहून दोन मोटारी आधींच हेरून ठेवल्या होत्या. दोन्हीचा कारखाना एक, वय जवळ जवळ एक. पहिलीचें तोंड पार चेंगरलें होतें. बॉनेट कागदाच्या होडीसारखें दुमडलेलें, एक हेडलाइट नाहींसा झालेला, आणि एअरबॅगा फुटून चालकाच्या मांडीवर लोंबत होत्या. तिच्याकडे पाहून पोटांत कालवाकालव होई. दुसरीवर मात्र ओरखडाहि नव्हता. ती पावसाळ्यांत पाण्यांत उभी राहिली होती, एवढाच तिचा अपराध. कोणी तरी ती धुवून पुसून उभी केली होती. पुतण्याचा डोळा अर्थातच तिच्यावर होता.

मेस्त्री पन्नाशीचे, अल्पभाषी गृहस्थ. त्यांनीं दुसऱ्या मोटारीचें दार उघडलें, आंत डोकें घातलें, आणि प्रथम काय केलें, तर डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. मग चालकाचा पट्टा धरून तो शेवटापर्यंत, अगदीं पुढें येईना इतका, ओढून बाहेर काढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ होता. आंत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ होती. धुणाराचा हात तेथवर पोंचला नव्हता. पुढें त्यांनीं आसनाखालीं हात घालून लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बोटाला लावून दाखविला, पायांखालचा गालिचा कोपऱ्यांतून उचलला, दिव्याच्या कांचेच्या आंत धरलेलें बाष्प पाहिलें, तेलाची दांडी ओढून तेलाचा रंग पाहिला. तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें असें समजावें. हें सगळें होण्यास दहा मिनिटेंहि लागलीं नाहींत.

पाण्याचें कर्तृत्व असें आहे, कीं तें मोटारीला कोठेंहि पोंचा आणीत नाहीं. इंजिनांत पाणी शिरलेलें असतां कोणी किल्ली फिरविली, तर पिस्टन तें पाणी दाबूं पाहतो. आणि पाणी हवेसारखें दाबलें जात नसल्यामुळें पिस्टनला जोडलेला दांडाच वांकतो. म्हणजे बुडालेल्या मोटारीचें मोठें नुकसान पुष्कळदां पुरानें होत नाहीं; 'चालू होते का पाहूं' या मालकाच्या उत्सुकतेनें होतें. उरलेलें काम गंज करतो, आणि त्याला घाई नसते. हल्लींच्या मोटारींत गालिच्याखालून विजेच्या तारांचे जुडगे गेलेले असतात, आणि एअरबॅग फोडावी कीं नाहीं हें ठरविणारी पेटी बहुधा दोन आसनांच्या मध्यें, जमिनीलगत बसविलेली असते. आसनापर्यंत पाणी चढलें, कीं मोटारीचा मेंदूच न्हाऊन निघतो. आज सगळे दिवे लागतात. सहा महिन्यांनीं एका तारेचा सांधा हिरवा पडतो, मग दुसऱ्या तारेचा. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईच्या रस्त्यांवर असंख्य मोटारी छपरापर्यंत बुडाल्या. पुढें २०१५ च्या डिसेंबरांत चेन्नईस, २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापूर-सांगलीस, २०२१ च्या जुलैंत चिपळुणास पूर आले. पूर ओसरल्यावर घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहते. मोटारीच्या अंगावरची रेघ मात्र एका धुण्यांत निघून जाते.

पहिल्या मोटारीकडे वळल्यावर मेस्त्री जरा मोकळे झाले. त्यांनीं खिशांतून फीत काढली, आणि खालीं वाकून मोटारीच्या सांगाड्यावरील ठराविक भोंकांमधलीं तिरकीं अंतरें मोजलीं : उजव्या पुढल्या बिंदूपासून डाव्या मागल्या बिंदूपर्यंत, आणि मग उलट. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनांत आहे, हें आम्हीं शाळेंत शिकलों. त्याचा उपयोग होतांना मीं प्रथमच पाहिला. नंतर त्यांनीं दारांच्या फटींवरून बोट फिरविलें. चारी दारांची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. म्हणजे धक्का समोरच्या कांचेच्या पुढेंच जिरला होता. त्यांच्यापाशीं रंगाची जाडी मोजणारें एक लहानसें यंत्रहि होतें. कारखान्यांतून निघालेल्या मोटारीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. कोठें पुट्टी भरून वर रंग दिलेला असला, तर तो आंकडा एकदम कितीतरी पटींनीं चढतो. या मोटारीवर तो कोठें चढला नाहीं. अर्थात हा तिचा पहिलाच अपघात होता.

मोटारीचें तोंड असें सहज चेंगरतें, यांत तिचा कमकुवतपणा नसून शहाणपण आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. मोटार जितकी कठीण, तितकी ती सुरक्षित, अशी पूर्वी समजूत होती. बेला बारेन्यी नांवाच्या अभियंत्यानें ती उलटी केली. माणसें बसतात तो मधला भाग टणक असावा, आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम असा असावा, कीं तो चुरगळतांना धक्का गिळून टाकील, ही त्याची कल्पना. १९५९ सालीं निघालेल्या मर्सिडीजच्या मोटारींत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर उतरली. तेव्हां चेंगरलेलें तोंड म्हणजे आपलें कर्तव्य करून पडलेला शिपाई. मात्र याचाच दुसरा अर्थ असा, कीं इंजिनाच्या दोन्ही बाजूंनीं जाणाऱ्या ज्या लोखंडी तुळया ठराविक ठिकाणीं दुमडाव्यात अशा योजलेल्या असतात, त्या ठोकून ठोकून सरळ केल्या, तर दिसावयास सरळ होतात. पण पुढच्या धक्क्याला त्या कशा दुमडतील, याचा भरंवसा राहत नाहीं. तेथें जुना भाग कापून कारखान्याच्या पद्धतीनें नवा बसवावा लागतो. अंदाजांत हें कलम 'डेंटिंग' या एका शब्दाखालीं झांकलें जातें, म्हणून तें वेगळें काढून लिहावें.

एअरबॅगांचें कलम तर त्याहून नाजूक आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून चालकापुढील एअरबॅग नव्या मोटारींत सक्तीची झाली. एअरबॅग फुटली, कीं केवळ तीच बदलून भागत नाहीं. आंवळले गेलेले पट्टे, ती नियंत्रक पेटी, आणि बहुधा फाटलेला डॅशबोर्ड, इतकें सर्व तिच्याबरोबर येतें. हा खर्च इतका मोठा भरतो, कीं कांहीं लोक तो करीतच नाहींत. डॅशबोर्डवरील चाकाची टोपी जोडून घेतात, आणि तारेंत दोन-चार रुपयांचा एक रेझिस्टर बसवून इशाऱ्याचा दिवा विझवून टाकतात. मोटार दिसते संपूर्ण. पण छातीशीं येणारी ती उशी जागेवर नसते. म्हणून दुरुस्त झालेली मोटार घेणारानें किल्ली फिरवून पाहावें : एअरबॅगचा दिवा थोडा वेळ लागून मग विझला पाहिजे. जो दिवा मुळींच लागत नाहीं, तो अधिक संशयास्पद. पुतण्यानें विचारलें, "हा खर्च थोडा पुढं ढकलला तर?" मेस्त्री म्हणाले, "ढकला की. मोठ्या साहेबांना मागं बसवा, तुम्ही पुढं बसा." त्यानंतर तो प्रश्न पुन्हा निघाला नाहीं.

परत येतांना मेस्त्रींनीं आपला निकाल एका वाक्यांत सांगितला. "साहेब, फुटलेल्या गाडीचा खर्च मोठा असतो, पण त्याला शेवट असतो. बुडालेल्या गाडीचा खर्च लहान दिसतो, पण त्याला शेवट नसतो." बँकेच्या नोकरींत हें वाक्य मला कोणीं ऐकविलें असतें, तर मीं तें टेबलावर लिहून ठेवलें असतें. डोळ्यांना भयंकर दिसणारें नुकसान मोजतां येतें म्हणूनच तें स्वस्त. आणि मोजतां येत नाहीं तें नुकसान, डोळ्यांना न दिसण्याची पुरेपूर किंमत वसूल करतें.

मोटारीनंतर कागद. माझें काम येथें सुरू झालें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५५ वें कलम असें आहे, कीं वाहन नष्ट झालें किंवा कायमचें निरुपयोगी झालें, तर मालकानें चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, तसें कळवून नोंदणीपत्र परत करावें. म्हणून लिलावांतली कोणती मोटार नोंदणीसह विकली जात आहे आणि कोणती केवळ सुटे भाग काढण्यासाठीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. नाहीं तर दुरुस्त केलेली मोटार अंगणांत ठेवून तिला हार घालण्याची वेळ येते. नोंदणीपत्रावरील चेसिसचा क्रमांक व लोखंडावर कोरलेला क्रमांक अक्षरशः ताडून पाहावा. कारण मेलेल्या मोटारीचे कागद चोरीच्या मोटारीला चढविण्याचा धंदा जुना आहे. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत अशा मोटारीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो, आणि ती दुरुस्त होऊन तपासणींत उतरली, तरी पूर्वस्थितीची खूण कागदावर राहते. आपल्या नोंदणीपत्रावर असा डाग नसतो. घेणाराला तो मागील विम्याच्या इतिहासांत शोधावा लागतो. आणि पुढें आपण विकूं तेव्हां तो सांगणें, हा आपल्या सद्सद्विवेकाचा भाग राहतो.

मग आम्हीं कागद घेऊन बसलों. तशीच धडधाकट मोटार बाजारांत सहा लाखांस मिळत होती. परंतु एकदां मोडून जुळलेल्या मोटारीला तो भाव येत नाहीं, म्हणून तिची किंमत आम्हीं एक-पंचमांश कमी, म्हणजे ४,८०,००० रुपये धरली. मेस्त्रींच्या यादीप्रमाणें दिसणारी दुरुस्ती २,२०,००० रुपयांची : बॉनेट, दिवे, रेडिएटर जुन्या बाजारांतून, एअरबॅगा, पट्टे व नियंत्रक पेटी मात्र नवीं. न दिसणाऱ्या दुरुस्तीसाठीं दिसणारीच्या चौथा हिस्सा, म्हणजे ५५,००० रुपये. क्रेन, मैदानाचें भाडें, नांवाची बदली व नवा विमा मिळून ३५,०००. दुरुस्ती होईपर्यंत भाड्याच्या मोटारी चालूच राहणार, त्यांचे २०,०००. ही सगळी वजाबाकी केल्यावर दीड लाख रुपये उरले. मीं तो आंकडा लाल शाईनें लिहून त्याखालीं दोन रेघा ओढल्या, आणि पुतण्याची सही घेतली. सही कशाला, असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, लिलावाच्या वेळीं जो मनुष्य येथें बसेल, तो तूं नसशील. त्याला दाखवावयास ही सही लागेल.

माझ्या मतें साऱ्या प्रकरणांतलें मर्म या ५५,००० च्या ओळींत आहे. दिसणाऱ्या खर्चाविषयीं लिलावांत उतरलेल्या सगळ्यांचें जवळपास एकमत असतें. बॉनेटचा भाव कुर्ल्याच्या बाजारांत कोणालाहि विचारतां येतो. मतभेद होतो तो न दिसणाऱ्या खर्चाविषयीं. दहा माणसें त्याचा अंदाज करतात. कोणी पन्नास हजार धरतो, कोणी ऐंशी, कोणी तीस, आणि कोणी शून्य. आतां लिलाव कोण जिंकेल? ज्यानें शून्य धरलें तो! १९७१ सालीं अमेरिकेंतील केपेन, क्लॅप व कॅम्बेल या तीन अभियंत्यांनीं तेलाच्या क्षेत्रांच्या लिलावांबद्दल हेंच दाखवून दिलें. जमिनीखालीं तेल किती, हें कोणालाच ठाऊक नसतें. ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याची बोली सर्वांत वर, आणि म्हणून जिंकणाऱ्याला क्षेत्र मिळतें, पण पैसा सुटत नाहीं. पुढें याला 'विजेत्याचा शाप' असें नांव पडलें. मोडक्या मोटारीच्या लिलावांत मोटार सर्वांत चांगल्या जाणकाराला मिळते, असें आपण समजतों. ती बहुधा सर्वांत आशावादी मनुष्याला मिळते. तेव्हां आपली बोली सर्वांत वर राहिली, तर हर्ष होण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा : बाकीच्या नऊ जणांनीं असें काय पाहिलें, कीं जें मला दिसलें नाहीं?

त्या नऊ जणांत एक मनुष्य विशेष लक्ष ठेवण्यासारखा असतो, तो म्हणजे मोटार मोडून सुटे भाग विकणारा. मुंबईस कुर्ल्याला, चेन्नईस पुदुपेटेंत, दिल्लीस मायापुरींत ज्यांचीं दुकानें आहेत, त्यांच्यापैकीं हा एक. त्याला मोटारीचें पुढें काय होणार याची काळजी नसते. चार दारें, इंजिन, गिअरबॉक्स, पांच चाकें यांचे भाव मिळवून तो आपली बोली लावतो, आणि तेथें थांबतो. त्याची बोली म्हणजे मोटारीची निव्वळ वस्तु म्हणून किंमत. त्यावर आपण जो रुपया चढवितों, तो सगळा आपल्या आशेचा असतो. आशेला किंमत देऊं नये, असें मीं म्हणत नाहीं. फक्त आपण किती देत आहों, हें ठाऊक असावें.

लिलाव संध्याकाळीं मोबाईलच्या पडद्यावर झाला. हातोडा नाहीं, आरोळी नाहीं. एक आंकडा, आणि त्याखालीं उलट मोजणारें घड्याळ. एक लाख दहा हजारांच्या सुमारास बरेच जण गळले. दीड लाखाला आमची शेवटची बोली पडली, आणि लागलीच तिच्यावर दुसरी आली. पुतण्या म्हणाला, "काका, आणखी दहा हजार? बाबांच्यासाठीं आहे." हें वाक्य मोठें कठीण होतें. ज्या कारणासाठीं आपण खर्च करतों तें जितकें पवित्र, तितका आपला अंदाज ढिला होतो, हें मला बँकेंत शंभरदां दिसलें होतें. पण तेव्हां समोर माझ्या भावाचा मुलगा नव्हता. मीं कांहींच बोललों नाहीं. लाल रेघांचा कागद मात्र टेबलावर होता. त्यानें त्याकडे पाहिलें, आणि मोबाईल उपडा करून ठेवला. नंतर पाहिलें तों मोटार २,१५,००० ला गेली होती. आमच्या आंकड्याहून पासष्ट हजार अधिक. म्हणजे न दिसणाऱ्या खर्चाची आमची सारी तरतूद, आणि वर दहा हजार. घेणाऱ्याचें स्वतःचें गॅरेज असेल, तर त्याला तीहि परवडेल. त्याचा अंदाज त्याच्यापाशीं.

पुढल्या महिन्यांत पुतण्यानें सात वर्षांची एक साधी मोटार घेतली. तिच्यांत मिरविण्यासारखें कांहीं नाहीं. मागलें आसन मात्र रुंद आहे. बंधूंना मीं लिलावाची सारी हकीकत ऐकविली, तेव्हां ते हंसून म्हणाले, "डॉक्टरांनींहि मला प्रथम दिसणाऱ्या खर्चाचाच आंकडा सांगितला होता. न दिसणारा आपण अजून भरतों आहों." मला एकदम उत्तर सुचलें नाहीं. त्यांची पत्नी दर खेपेस बरोबर नेते तो डबा, मुलाच्या बुडालेल्या रजा, पायरीवरची वाट पाहणी, हीं कलमें कोणत्याच यादींत नव्हतीं.

मोडलेल्या वस्तु टाकून द्याव्यात, असा या लेखाचा अर्थ कोणीं काढूं नये. दुरुस्तीवर ज्याचा विश्वास नाहीं, त्याला या जगांत फार दिवस कांहीं वापरतां येणार नाहीं. संसारहि नाहीं आणि शरीरहि नाहीं. माझें म्हणणें एवढेंच, कीं दुरुस्तीवरचा विश्वास हा दुरुस्तीचा अंदाज नव्हे. अंदाज करणारानें वस्तूकडे पाहावें तसें स्वतःकडेहि पाहावें. कारण न दिसणाऱ्या खर्चाचा आंकडा मोटारीच्या आंत जितका दडलेला असतो, तितकाच तो घेणाऱ्याच्या इच्छेंतहि दडलेला असतो. म्हणून यादी करतांना पहिल्या ओळींत 'इतर खर्च' लिहावा, आणि बॉनेट, दिवे, चाकें हीं त्याच्या खालीं येऊं द्यावींत.